फिरतीसाठी अन् रातच्या आभाळासाठी स्वस्त छोटा कॅमेरा घ्यायचा तर कोणत्या क्रमानं काय तपासायचं

आमच्या भागात दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या चार जणांनी कॅमेरा घेतला, अन् चौघांनी क्रम उलटा लावला. आधी दुकानात गेले, डब्यावर ४० एक्स झूम लिहिलेलं पाहिलं, पैसे मोजले, मग अमावस्येला वावरात जाऊन आभाळाकडं कॅमेरा धरला तर स्क्रीनवर नुसतं काळं. आता तो कॅमेरा लग्नात अन् बारशात चालून राहिला, आभाळाचं राहूनच गेलं. पैसे कष्टाचे असतात म्हणून हे सविस्तर लिहून राहिलो. टप्पे दिले त्याच क्रमानं जा, मधला एक टप्पा गाळला की पुढचे तीन फसतात.

टप्पा १ : आधी हातातला फोन तपासा

कॅमेरा घ्यायचाच आहे हे ठरवण्याआधी एक रात फोनसोबत काढा. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो किंवा मॅन्युअल मोड आहे का बघा, त्यात शटरचा वेळ, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १५ किंवा ३० सेकंदांपर्यंत जातो का बघा. जात असेल तर फोन विटेला टेकवून आभाळाकडं तोंड करून ठेवा, आयएसओ (उजेड किती तीव्रतेनं टिपायचा तो आकडा) १६००, शटर १५ सेकंद, ३ सेकंदांचा टायमर, अन् हात लावू नका.

तारे दिसले, फक्त दाणेदार आले, तर फोनच्या सेन्सरची, म्हणजे आतल्या उजेड टिपणाऱ्या चिपची, हद्द लागली अन् छोटा कॅमेरा घेतल्यानं खरंच फरक पडेल. फोनमधून आकाशगंगेचा पट्टा बऱ्यापैकी आला अन् तुम्हाला तो फक्त मोबाईलवरच बघायचा-पाठवायचा असेल, तर पैसे ठेवून द्या, एक चांगला ट्रायपॉड घ्या, बस. हे मी मनापासून सांगून राहिलो, कारण आजकालचे काही फोन रातचे फोटो खूप छान काढतात अन् दहा-पंधरा वर्षं जुना, बारीक सेन्सरचा साधा छोटा कॅमेरा त्यांच्यापुढं मागं पडतो.

टप्पा २ : काय काढायचं ते कागदावर लिहा

खरंच लिहा, डोक्यात ठेवू नका. एसटीनं फिरताना खिशात बसला पाहिजे? लोणारचं सरोवर, गाविलगडची भिंत, घरच्या लोकांचे फोटो? की झाडावरचा धनेश अन् सफारीतला वाघ पण पाहिजे?

फिरती, रातचं आभाळ अन् लांबचं जनावर ह्या तीन गोष्टी एका स्वस्त छोट्या कॅमेऱ्यात बसत नाहीत. दोनच बसतात. काहून की लांबचं ओढायला लेन्स लांब लागते, खिशात मावेल एवढ्या अंगात लांब लेन्स बसवायची तर आतला सेन्सर नखाएवढा करावा लागतो, अन् सेन्सर नखाएवढा झाला की अंधारात तो आंधळा होतो. म्हणून यादीत वाघ असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, तुम्हाला वेगळा कॅमेरा लागेल. फिरती अन् आभाळ एवढंच असेल तर पुढं या.

टप्पा ३ : पैशाचे हिस्से आधी पाडा

समजा २० हजार जमवले. सगळे कॅमेऱ्यात घालू नका. साधारण चारातले तीन हिस्से कॅमेऱ्याला, एक हिस्सा ट्रायपॉड, जास्तीची बॅटरी, चांगलं कार्ड अन् कव्हरला. ट्रायपॉड नसलेला महाग कॅमेरा रातच्याला काहीच कामाचा नाही, पण ट्रायपॉडवर नीट बसवलेला जुना स्वस्त कॅमेरा काम करतो.

अन् नवा की जुना, हा प्रश्न मला सगळे विचारतात. कमी बजेटमध्ये आभाळासाठी जुना चांगला कॅमेरा हा नव्या स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा कधीही बरा. नव्या कोऱ्या स्वस्त डब्यात बहुतेक वेळा तोच नखाएवढा सेन्सर निघतो. जुना घ्यायचा म्हणजे तपासायची मेहनत घ्यावी लागते, ती टप्पा ६ मध्ये आहे.

इशारा: "ऑफर आजच्यापुरती आहे" असं कोणी म्हटलं तर त्या दिवशी घेऊच नका. तपासल्याशिवाय घेतलेली स्वस्त वस्तू शेवटी महागच पडते.

टप्पा ४ : डब्यावरचे चार आकडे वाचायला शिका

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, म्हणून जरा सावकाश घेऊ. मेगापिक्सेल बघू नका, झूम बघू नका. खालचे चार बघा, ह्याच क्रमानं.

पहिला, सेन्सरचा आकार. स्वस्त कॅमेऱ्यांत १/२.३ इंच लिहिलेलं असतं, तो साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तुरीच्या दाण्याहून थोडासाच मोठा. त्याहून मोठा म्हणजे १ इंच सेन्सर, तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर १ इंचवाला त्या बारक्याच्या चौपट भरतो. पावसाचं पाणी धरायला वाटी ठेवली की घमेलं ठेवलं, एवढाच हा हिशोब आहे. आभाळासाठी १ इंचाच्या खाली जाऊ नका. अन् एक सांगतो, "१ इंच" हे नुसतं नाव आहे, पट्टीनं मोजून २५ मिलिमीटर येत नाही, त्यावरून दुकानदाराशी वाद घालू नका.

दुसरा आकडा, एफ. लेन्सच्या तोंडावर १:१.८-४.९ असं काहीतरी कोरलेलं असतं. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो, इथंच लोक उलटं समजतात. एफ १.८ ची लेन्स एफ २.८ पेक्षा जवळपास अडीचपट उजेड घेते. पण दोन आकडे का असतात? पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. म्हणजे एफ १.८ हवं असेल तर झूमला हातच लावायचा नाही, थोडा जरी झूम केला तरी उजेड घसरायला लागतो.

आता दोन्ही आकडे एकत्र करून बघा. १/२.३ इंच सेन्सर अन् एफ ३.३ लेन्स असलेला सामान्य कॅमेरा एका बाजूला, १ इंच सेन्सर अन् एफ १.८ दुसऱ्या बाजूला. सेन्सरचे चौपट, लेन्सचे साधारण सव्वातीनपट, गुणाकार केला की तेवढ्याच सेकंदांत दुसऱ्याला तेरा-चौदापट उजेड मिळतो. म्हणूनच एकाचा फोटो काळा अन् दुसऱ्याचा तारे भरलेला.

तिसरा, लेन्स किती रुंद बघते. हे एमएम मध्ये लिहितात, आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद, २४ किंवा २८ एमएम पासून सुरू होणारी घ्या. रुंद लेन्सनं आभाळ जास्त मावतं अन् दुसरा फायदा जास्त मोठा आहे, तारे सरकलेले उशिरा दिसतात. पृथ्वी फिरते म्हणून तारे रेघेसारखे ओढले जातात ना, त्यासाठी जुना ढोबळ हिशोब आहे, ५०० भागिले एमएम. २४ एमएम ला २० सेकंद येतात, १०० एमएम ला पाचच. मी ह्या हिशोबापेक्षा थोडं कमीच ठेवतो, २४ किंवा २८ ला १५ सेकंद.

चौथा, शटर किती सेकंद उघडं राहतं अन् ते मॅन्युअल मोडमध्ये आपल्या हातात आहे का. डायलवर एम लिहिलेलं पाहिजे. निदान १५ सेकंद पाहिजेत, ३० असले तर उत्तम. इथं एक छुपी खोट असते, ती कोणी सांगत नाही. काही जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत शटर एका सेकंदाच्या वर नेलं की आयएसओ आपोआप ८० वर जाऊन अडकतो अन् वाढतच नाही. कागदावर १५ सेकंद पण आहेत अन् आयएसओ ३२०० पण आहे, पण दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. हे फक्त कॅमेरा हातात घेऊनच कळतं.

ह्या चारांसोबत आणखी दोन गोष्टी पाहिजेतच: रॉ फाईल (सेन्सरनं टिपलेला कच्चा फोटो) निघाली पाहिजे अन् हातानं फोकस करता आला पाहिजे. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटोत, कॅमेरा स्वतःच दाणे पुसायला जातो अन् दाण्यासोबत बारीक तारेही पुसून टाकतो.

तपासा: चारही आकडे अन् रॉ, मॅन्युअल फोकस, असे सहा कॉलम कागदावर पाडा. जो कॅमेरा आवडला त्याचे सहाही भरता आले तरच पुढं जा. एक जरी "माहीत नाही" राहिला तर थांबा.

टप्पा ५ : कोणती नावं बघायची

हे सगळे जुन्या बाजारात बघण्यासारखे आहेत.

सोनी आरएक्स १०० चं पहिलं मॉडेल २०१२ चं आहे, १ इंच सेन्सर, २८ ते १०० एमएम, एफ १.८ ते ४.९, वजन २४० ग्रॅम, शर्टाच्या खिशात बसतो. कमी पैशात सुरुवात करायची तर मी अजूनही ह्याचंच नाव सांगतो. त्याच घराण्यातला तिसरा, म्हणजे मार्क ३, २०१४ चा, २४ ते ७० एमएम अन् एफ १.८ ते २.८, आभाळासाठी हा जास्त चांगला. पण सहावा अन् सातवा घेताना सावध राहा, ते महागही आहेत अन् त्यांची लेन्स २४ ते २०० एमएम करण्याच्या नादात एफ २.८ पासून सुरू होते. नवा आकडा म्हणजे रातच्याला जास्त चांगला, असं नसतं.

कॅनन जी ७ एक्स (२०१४) अन् त्याचा मार्क २ (२०१६), दोघांतही १ इंच सेन्सर, २४ ते १०० एमएम, एफ १.८ ते २.८. कॅनन जी ९ एक्स आणखी छोटा अन् स्वस्त, पण २८ एमएम अन् एफ २ पासून.

पॅनासोनिक एलएक्स १०० (२०१४) चा सेन्सर वरच्या सगळ्यांपेक्षा मोठा, फोर थर्ड्स नावाच्या मापाचा, लेन्स २४ ते ७५ एमएम, एफ १.७ ते २.८. वजन ३९३ ग्रॅम, त्यामुळं पँटच्या खिशात बसत नाही, जॅकेटच्या खिशात जाईल. मेगापिक्सेल १२ च्या आसपास म्हणून लोक नाक मुरडतात अन् म्हणूनच कधीकधी बऱ्या भावात मिळतो.

रिको जीआर (२०१३) अन् जीआर २ (२०१५), मोठ्या कॅमेऱ्यात असतो तो एपीएस-सी सेन्सर खिशात. झूम बिलकुल नाही, २८ एमएम, एफ २.८. सेन्सर १ इंचाच्या तिपटीहून मोठा असला तरी लेन्स एफ २.८ असल्यामुळं एकूण उजेडाचा फायदा तिपटीचा उरत नाही, साधारण सव्वापटच राहतो, म्हणून त्यासाठी दुप्पट पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. कोपऱ्यापर्यंत तारे टोकदार येतात ही त्याची खरी कमाई.

टप्पा ६ : जुना कॅमेरा हातात घेऊन तपासणे

हा टप्पा मी स्वतः एकदा गाळला होता. नागपूरच्या एका दुकानातून दिवसाउजेडी कॅमेरा घेतला, बाहेर रस्त्याचे चार फोटो काढले, झकास आले, घरी आलो. पहिल्याच रातच्या फोटोत आभाळभर लाल-निळे ठिपके, तारे कोणते अन् ठिपके कोणते ते कळेना. तो दोष दिवसाच्या फोटोत दिसतच नाही. त्यानंतर मी खालच्या क्रमाशिवाय पैसे काढत नाही. अर्धा तास लागतो, विकणाऱ्याला आधीच फोनवर सांगून ठेवा की अर्धा तास पाहिजे, नाही म्हणाला तर जाऊच नका.

जाताना सोबत घ्या: स्वतःचं कार्ड चालणार नाही असं कोणी म्हणेल, तरी स्वतःचं फॉरमॅट केलेलं कार्डच न्या, शिवाय एक टॉर्च अन् काळं जाड कापड.

१. बंद-चालू दहा वेळा करा अन् कान द्या. लेन्स बाहेर येताना कर्रकर्र आवाज आला किंवा अडखळली तर आत धूळ-रेती गेलेली आहे. अशी लेन्स एक दिवस बाहेरच अडकून बसते अन् दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जाते.

२. झूम पूर्ण आत-बाहेर वीस वेळा.

३. लेन्समध्ये तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा पांढुरकं काही दिसलं तर ती बुरशी आहे, आपल्याकडं पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात हमखास होते. घेऊ नका. काचेवर बाहेरून एखादा बारीक ओरखडा असला तर चालतो, त्यानं फारसं बिघडत नाही, पण त्यावर भाव पाडून मागा.

४. काळ्या कापडाची तपासणी. एम मोड, आयएसओ १६००, १५ सेकंद, लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन (लांब वेळाच्या फोटोतले ठिपके कॅमेऱ्यानंच पुसायची सोय) बंद. लेन्सवर काळं कापड दोन पदरी गुंडाळा, फोटो घ्या. आलेला काळा फोटो मोठा करून सगळीकडं फिरून बघा. पाच-दहा बारीक ठिपके सगळ्यांतच असतात, चिंता नाही. तांदूळ सांडल्यासारखे मोठे चमकदार ठिपके असतील तर परत द्या. आयएसओ ८० वर अडकणारी ती खोटसुद्धा इथंच उघडी पडते.

५. पांढरी भिंत किंवा मोकळं आभाळ, एफ ८ किंवा ११ वर. काळपट डाग दिसले तर सेन्सरवर धूळ बसली. ह्या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळं घरी साफ करता येत नाही.

६. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून सर्वात रुंद लेन्सवर, एफ १.८ वर फोटो. चारही कोपऱ्यांतली अक्षरं बघा. चारही थोडी मऊ असतील तर हरकत नाही, पण एकच कोपरा धुकट असेल तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे.

७. बॅटरी काढून टेबलावर ठेवा. डुगडुगली म्हणजे फुगली.

तपासा: सातही झाले? बिल किंवा निदान मालकाचं लिहून दिलेलं मिळालं? मगच पैसे.

टप्पा ७ : सोबतचं सामान

ट्रायपॉड हलका-उंच घेऊ नका, ठेंगणा अन् दणकट घ्या. खालचे पाय आधी न उघडता वरचे जाड पाय उघडायचे, मधली दांडी वर काढायची नाही. वारा असला तर मधल्या हुकाला दगडाची पिशवी टांगा, पण ती पिशवी जमिनीला जराशी टेकलेली ठेवा, अधांतरी लटकली तर झुलते अन् तीच कॅमेरा हलवते. ट्रायपॉडचे पैसे आत्ता नाहीत? कापडी पिशवीत दोन किलो तूर किंवा ज्वारी भरा, तोंड शिवा, धुऱ्यावरच्या दगडावर ठेवून त्यात कॅमेरा रुतवा. आभाळाकडं पाहिजे तसा कलतो अन् जागचा हलत नाही, मी पहिलं वर्षभर असंच केलं.

बॅटऱ्या दोन. सोनी आरएक्स १०० ची एनपी-बीएक्स १, कॅनन जी ७ एक्स ची एनबी-१३ एल, नाव बघूनच मागा. कॅमेऱ्यात यूएसबीनं चार्ज होत असेल तर पॉवर बँकेवर काम भागतं, गावात लाईन कधी जाईल सांगता येत नाही. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद रबरानं बांधा, पांढऱ्या उजेडानं डोळ्याला झालेली अंधाराची सवय मोडते अन् परत यायला वीसेक मिनिटं जातात.

टप्पा ८ : घरीच सेटिंग करून ठेवा

अंधारात मेनू शोधणं ही पहिल्या रातीची नेहमीची चूक. दिवसाच हे लावून ठेवा: एम मोड, रॉ, झूम पूर्ण बाहेर म्हणजे सगळ्यात रुंद, सगळ्यात लहान एफ, १५ सेकंद, आयएसओ १६००, टायमर २ सेकंद, फ्लॅश बंद, फोकसची मदत करणारा छोटा दिवा बंद, स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून दिलेली सोय) बंद. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन चालू राहिलं तर कधीकधी उलट तेच फोटो हलवतं. व्हाईट बॅलन्स, म्हणजे फोटो पिवळट की निळसर दिसावा ते ठरवणारा आकडा, ४००० च्या आसपास ठेवा. रॉमध्ये नंतर तो बदलता येतो, त्यावर जास्त डोकं लावू नका.

मग डोळे मिटून फक्त बोटानं आयएसओ अन् शटर बदलता येतं का बघा. दोन सांजा घराच्या गच्चीवर सराव केला की पुरे.

टप्पा ९ : दिवस अन् जागा

भिंतीवरचं कॅलेंडर काढा. नुसती अमावस्या बघून चालत नाही, कोणत्या वेळी काढणार त्यावर तिथी ठरते. मार्च-एप्रिलमध्ये आकाशगंगेचा दाट भाग मध्यरातीनंतर आग्नेयेला वर येतो, तेव्हा अमावस्येनंतरचे दिवस चांगले, शुद्ध पंचमीपर्यंत चंद्र मध्यरातीच्या आत मावळून जातो. मार्चच्या मध्याला पहाटे तीन-साडेतीन, एप्रिलच्या मध्याला रातचा एक, मे च्या मध्याला अकराच्या पुढं, अशी वेळ धरा. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरमध्ये तोच भाग सांजच्याला सव्वासात ते साडेआठ नैर्ऋत्येला मावळताना दिसतो, तेव्हा वद्य षष्ठीपासून अमावस्येपर्यंतचे दिवस पकडा, चंद्र उशिरा उगवतो.

डिसेंबर-जानेवारीत हा दाट भाग नसतो, पण मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध एका रांगेत असतात अन् हवा स्वच्छ असते. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, मृगाचे तीन तारे चटकन सापडतात, फोकस शिकायला सोपं जातं. १३-१४ डिसेंबरच्या राती मिथुनेतल्या उल्का पण पडतात. ऑगस्टमधल्या उल्कांच्या नादी लागू नका, आपल्याकडं तेव्हा ढग.

जागा निवडताना एक गोष्ट सगळे विसरतात. आपल्या अक्षांशावर आकाशगंगेचा दाट भाग दक्षिणेकडं, क्षितिजावर फार तर ४० अंशांपर्यंत चढतो. म्हणून मोठं गाव तुमच्या उत्तरेला राहिलं पाहिजे, दक्षिणेला नाही. चिखलदऱ्याला लोक हौसेनं जातात, उंची आहे, हवा चांगली, पण परतवाडा-अमरावतीचा उजेड नेमका दक्षिण-आग्नेयेला पडतो. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ह्या वीज केंद्रांचा उजेडसुद्धा लांबून दिसतो. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रातचा अंधार जपलेली जागा) म्हणून मान मिळाला, तिकडं आभाळ खरंच चांगलं आहे. पण जंगलात रातच्याला परवानगीशिवाय शिरायचं नाही, बाहेरच्या गावात राहून काढा. बहुतेकांना मात्र स्वतःचं वावरच पुरतं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलासाठी जंगलात जाळ लावतात, धूर खाली साचतो, त्या दिवशी जाऊ नका. वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची मोकळी रात सापडली तर सोडू नका, हवेतली सगळी धूळ बसलेली असते.

इशारा: दुसऱ्याच्या वावरात विचारल्याशिवाय रातच्याला पाय ठेवू नका. रानडुकरासाठी काही जण कुंपणात चोरून करंट सोडतात, दरवर्षी माणसं मरतात. झटका मशीनचा धक्का वेगळा अन् मेन लाईनचा वेगळा. पायात उंच बूट घाला, मण्यार रातचीच फिरते. एकटं जाऊ नका, घरी सांगून जा, अन् बिबट्याचा वावर असलेल्या भागात तर गच्चीवरूनच काढा.

टप्पा १० : वावरातली रात, क्रमानं

१. अर्धा तास आधी पोचा. कॅमेरा बॅगमधून काढून बाहेर ठेवा म्हणजे हवेशी जुळतो.

२. ट्रायपॉड नांगरलेल्या भुसभुशीत मातीवर नको, धुऱ्यावर किंवा बंडीच्या वाटेवर कडक जागी. मळ्यातल्या मचाणावर तर बिलकुल नको, माणूस हलला की मचाण हलतं.

३. फोकस. सगळ्यात जास्त फोटो इथं वाया जातात. ऑटो फोकस अंधारात चालत नाही, अन् स्क्रीनवर अनंताची खूण आली म्हणून तिथं सोडून देऊ नका, ह्या कॅमेऱ्यांत ती खूण नेमकी नसते. मॅन्युअल फोकस लावा, एखादा ठळक तारा मधोमध घ्या, स्क्रीनवर मोठा करा, तारा सगळ्यात बारीक टिंब होईपर्यंत हळूहळू फिरवा. तारा दिसतच नसेल तर दोन-तीन किलोमीटरवरच्या टॉवरचा लाल दिवा घ्या.

४. एक फोटो काढा, मोठा करून बघा, टिंबं टोकदार आहेत का. आहेत, मग आता झूमला हात लावू नका अन् कॅमेरा बंद करू नका, दोन्हीनं फोकस पुसला जातो.

५. आता उजेड. फोटो फार काळा असेल तर सेकंद वाढवू नका, आयएसओ ३२०० करा. आभाळ पिवळट-पांढरं आलं तर आयएसओ ८०० वर आणा. स्क्रीनची चमक कमी करून ठेवा, अंधारात चमकदार स्क्रीनवर काळा फोटोही छान वाटतो अन् घरी येऊन निराशा होते.

६. चौकटीत खाली थोडी जमीन, बाभूळ, विहिरीचा काठ काहीतरी घ्या. नुसते तारे कोणाला कुठले ते कळत नाहीत.

७. जमलं की हात न लावता तोच फोटो दहा-पंधरा वेळा काढा. घरी सिक्वेटर नावाच्या फुकटच्या विंडोज प्रोग्राममध्ये एकावर एक बसवले की दाणे खूप कमी होतात. छोट्या सेन्सरची उणीव भरून काढायचा हाच खरा उपाय आहे. रॉ फाईल उघडायला डार्कटेबल किंवा रॉथेरपी, दोन्ही फुकट.

मे महिन्यात रातचीही माती तापलेली असते, गरम सेन्सरवर ठिपके वाढतात. तेव्हा लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन चालू करून बघा. १५ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी १५ सेकंद थांबेल, तो अडकला समजून बंद करू नका. दहा-पंधरा फोटो एकावर एक बसवणार असाल तर मात्र ते बंदच ठेवा.

तपासा: निघण्याआधी एक फोटो पुन्हा मोठा करून बघा. हिवाळ्यात मध्यरातीनंतर दहिवर पडतं, लेन्सवर बारीक वाफ धरते अन् तारे फुगलेले दिसायला लागतात. मऊ सुती कापडानं टिपा, पुसू नका.

फोटो बिघडला तर कारण कसं ओळखायचं

सगळे तारे एकाच दिशेनं छोट्या रेघा झाले, तर सेकंद जास्त झाले, १५ चे १० करा. रेघा वाकड्या किंवा दुहेरी आल्या तर ट्रायपॉड हलला किंवा टायमर लावला नव्हता. तारे गोल पण फुगीर अन् पुसट, तर फोकस चुकला किंवा दव. मधोमध ठीक अन् कोपऱ्यात पंख फुटल्यासारखे, तर एफ १.८ वरून एफ २ किंवा २.२ वर या. लाल-निळे ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी, तर तो सेन्सरचा दोष, ताऱ्याचा नाही.

सांभाळणं

कापूस वेचणीच्या दिवसांत अन् सोयाबीन काढताना मळणी यंत्राजवळ कॅमेरा उघडू नका, लेन्स बाहेर-आत होताना बारीक भुसा ओढून घेते अन् टप्पा ६ मधला तो कर्रकर्र आवाज तिथूनच सुरू होतो. वावरातून आल्यावर आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग कापड लावा, उलटं केलं तर काचेवर रेघा पडतात. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, दाणे रंग बदलणारे असतील तर रंग बदलला की कढईत मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात, ती कढई मात्र स्वयंपाकाला परत वापरू नका. बॅटरी काढून वेगळी ठेवा, अन् पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढून लेन्स दोन-चार वेळा आत-बाहेर करा.